जुन्या एसयूव्हीचे बॉडी कंट्रोल मॉड्यूल बदलताना: चिपळूण, जून ते ऑगस्ट 2025

14 जून 2025, शनिवार

गाडी 2011 सालची, डिझेलवर चालणारी, सात आसनांची आहे. तिचे इंजिन, गिअरबॉक्स आणि चासी आजही इतक्या चांगल्या स्थितीत आहेत की ती मोडीत काढण्याचा विचार मनात येत नाही. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असल्यामुळे 2026 मध्ये तिची तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागेल, आणि त्या तपासणीत दिवे, इंडिकेटर, वायपर व हॉर्न यांतले काहीही चालत नसेल तर गाडी पुढे जाणार नाही. सध्या नेमके तेच बिघडले आहे.

यंदा मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईपर्यंत पोहोचला, कोकणात तर त्याही आधी सुरू झाला, आणि त्यानंतर आठवड्याभरात गाडीच्या वागण्यात पुढील बदल दिसू लागले. चावी बंद असताना वायपर अर्धा फेरा मारून काचेच्या मध्यावर थांबतो. उजवा इंडिकेटर दुप्पट वेगाने टिकटिकतो. रात्री कोणी जवळ नसताना सेंट्रल लॉकचा आवाज येतो. आतला दिवा सर्व दरवाजे बंद केल्यावरही मंद जळत राहतो. दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी इतकी उतरते की स्टार्टर फिरत नाही. ही सगळी कामे वेगवेगळी दिसली तरी या गाडीत ती एकाच पेटीतून होतात. चालकाच्या उजव्या गुडघ्याच्या वर, फ्यूज बॉक्सच्या मागे बसवलेले बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे बीसीएम, स्विचकडून इशारा घेते आणि दिवे, वायपर, लॉक व हॉर्न यांना वीज देते. शिवाय चावीची ओळख पटवून इंजिनाला सुरू होण्याची परवानगी देणारा इमोबिलायझरही त्यातच आहे.

संशय बीसीएमवर जातो हे खरे, पण संशयावर महागडा भाग मागवणे मला मान्य नाही. आधी सिद्ध करायचे, मग बदलायचे, या क्रमाने जायचे ठरवले आहे.

15 जून 2025, रविवार

आजचा दिवस बॅटरीतून झिरपणाऱ्या विजेच्या मोजमापात गेला. बॅटरीच्या ऋण टोकाची केबल सोडवून मल्टिमीटर 10 अँपिअरच्या खाचेत लावून मालिकेत जोडला. बॉनेट उघडे ठेवून आणि चालकाच्या दरवाजाची कडी पेचकसाने बंद स्थितीत ढकलून दरवाजा बंद असल्याचा इशारा गाडीला मिळेल अशी व्यवस्था केली, आणि चाव्या घरात दूर ठेवल्या. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवून स्टार्टर मारायचा नसतो, कारण शेकडो अँपिअरचा प्रवाह मीटरमधून जाऊ पाहतो आणि त्याचा फ्यूज तरी उडतो किंवा मीटर जातो.

गाडी बंद केल्यावर मॉड्यूल झोपायला, म्हणजे कमीत कमी वीज घेण्याच्या स्थितीत जायला, वेळ घेतात, म्हणून अर्धा-पाऊण तास काहीही न करता थांबलो. त्यानंतर आकडा 0.46 अँपिअरवर स्थिर राहिला आणि मधूनच काही क्षणांसाठी दोन अँपिअरपर्यंत उसळत होता. अशा गाडीत झोपेतला प्रवाह साधारणपणे 50 मिलिअँपिअरच्या आत असायला हवा. 0.46 अँपिअर म्हणजे दिवसाला सुमारे 11 अँपिअर-तास. 70 अँपिअर-तासांची बॅटरी एवढ्या गळतीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी डिझेल इंजिन फिरवण्याच्या लायकीची राहत नाही, आणि प्रत्यक्षात तसेच घडत होते.

ही गळती कोणत्या वाटेने होते हे शोधताना फ्यूज एकेक करून उपटण्याची पद्धत मी टाळली. फ्यूज काढून परत लावला की झोपलेले मॉड्यूल जागे होते आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो. त्याऐवजी फ्यूज जागेवरच ठेवून, त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या धातूच्या ठिपक्यांवर मीटरच्या सुया टेकवून मिलिव्होल्ट मोजले. फ्यूजचा रोध अत्यल्प असला तरी शून्य नसतो. 10 अँपिअरच्या लहान पात्याच्या फ्यूजमध्ये तो साधारण साडेसात मिलिओहम असतो. बहुतेक फ्यूजवर शून्य आले आणि बीसीएमच्या एका फ्यूजवर 3.2 मिलिव्होल्ट आले, म्हणजे सुमारे 0.43 अँपिअर. जवळजवळ सगळी गळती त्या एका वाटेने जात आहे.

18 जून 2025, बुधवार

बीसीएमला दोष देण्यापूर्वी त्याच्याकडे येणारी वीज, त्याची अर्थ (म्हणजे गाडीच्या पत्र्याकडे जाणारी ऋण जोडणी) आणि त्याला जोडलेली उपकरणे ठीक आहेत का हे पाहिले. आमच्या भागातले अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियन काका संध्याकाळी आले होते. केवळ मीटरवर 12 व्होल्ट दिसले म्हणजे वायर चांगली, असे ते मानत नाहीत आणि मीही मानत नाही, कारण एकच धागा शिल्लक राहिलेली वायरदेखील मीटरला पूर्ण व्होल्टेज दाखवते. त्यांनी हेडलाइटचा 55 वॉटचा बल्ब भार म्हणून बीसीएमच्या वीजपुरवठ्याच्या वायरला जोडला. साधारण साडेचार अँपिअर प्रवाह वाहत असताना पुरवठ्याच्या बाजूला 0.15 व्होल्ट आणि अर्थच्या बाजूला 0.04 व्होल्ट एवढीच घट आली. दोन्ही बाजू निर्दोष आहेत.

इंडिकेटर वेगाने टिकटिकणे हे सहसा बल्ब गेल्याचे लक्षण असते. प्रवाह कमी झाल्याचे बीसीएमला कळते आणि चालकाला सावध करण्यासाठी ते वेग वाढवते. उजव्या बाजूचे पुढचा व मागचा 21 वॉटचे आणि फेंडरवरचा 5 वॉटचा असे तिन्ही बल्ब काढून, होल्डर स्वच्छ करून, वेगळ्या वायरने थेट पेटवून पाहिले. तिन्ही चांगले आहेत आणि त्यांची अर्थही चांगली आहे. म्हणजे प्रवाह योग्य असूनही बीसीएम तो कमी मोजत आहे.

21 जून 2025, शनिवार

स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरवर इंजिनाचा एकही दोषसंकेत नाही, आणि त्यात आश्चर्य नाही. असे स्कॅनर उत्सर्जनाशी संबंधित प्रमाणित माहिती वाचतात. बीसीएमशी बोलायला त्या गाडीसाठी बनवलेले सॉफ्टवेअर लागते. काकांच्या ओळखीच्या गॅरेजमधले तसे यंत्र आणून जोडल्यावर दरवाजाच्या स्विचचा, वायपरच्या थांबण्याच्या जागेचा आणि बीसीएमशी संपर्क अधूनमधून तुटल्याचा असे संकेत मिळाले.

संपर्क तुटतो तेव्हा दोष मॉड्यूलचा आहे की त्यांना जोडणाऱ्या कॅन बसचा, हे वेगळे करावे लागते. बॉशने 1986 मध्ये जगापुढे मांडलेल्या या पद्धतीत पीळ दिलेल्या दोन तारांवरून सगळी मॉड्यूल बोलतात आणि तारांच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी सोडवून, निदानाच्या 16 पिनांच्या सॉकेटमधल्या 6 आणि 14 क्रमांकाच्या पिनांमध्ये मोजल्यावर 60 ओहम आले, जे दोन 120 ओहम समांतर जोडल्यावर यायलाच हवेत. तार कुठे तुटली असती तर 120 आले असते. चावी चालू केल्यावर एका तारेवर अडीच व्होल्टच्या किंचित वर आणि दुसरीवर किंचित खाली असे आकडे आले. बस चांगली आहे.

22 जून 2025, रविवार

आज बीसीएम बाहेर काढले. बॅटरीची ऋण केबल सोडवल्यावर दहा मिनिटे थांबून मगच डॅशबोर्डखाली हात घातला, कारण एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये साठलेली वीज ओसरायला वेळ द्यावा लागतो. पिवळ्या आवरणातल्या वायर एअरबॅगच्या असतात आणि त्यांना मीटर कधीही लावायचा नसतो. मीटरचा लहानसा प्रवाहसुद्धा तेथे धोक्याचा ठरू शकतो. या कामात घाई अजिबात चालत नाही अशी ही जागा आहे.

बीसीएमचे वरचे कनेक्टर काढताच कारण डोळ्यांसमोर आले. पिनांच्या मुळाशी हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड जमली होती आणि पेटीच्या वरच्या पृष्ठभागावर पाण्याचा सुकलेला ओघळ होता. खालचे कनेक्टर मात्र कोरडे आणि चकचकीत होते.

चिपळूणमध्ये गाडीत विजेचा बिघाड म्हटले की प्रत्येक जण 22 जुलै 2021 च्या वाशिष्ठीच्या पुराचे नाव घेतो, आणि ते समजण्यासारखे आहे, कारण त्या पुरात शहरातल्या असंख्य गाड्या बुडाल्या होत्या. ही गाडी त्या दिवशी उंचावर होती. तरीही खात्री म्हणून कार्पेट उचलून पाहिले, सीटखालच्या स्प्रिंगा पाहिल्या आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला. पुरात बुडालेल्या गाडीत गाळ या तीन ठिकाणी हमखास सापडतो, कितीही धुतली तरी. येथे गाळाचा कण नाही. पाणी खालून चढलेले नाही, ते वरून थेंबाथेंबाने आले आहे.

गाडीच्या बाजूचा कनेक्टर मोकळा असतानाच आणखी एक मोजणी केली. चालकाचा दरवाजा बंद असताना त्याच्या स्विचची वायर आणि अर्थ यांच्यामध्ये रोध अनंत आला, दरवाजा उघडल्यावर शून्याच्या जवळ. स्विच आणि वायर दोन्ही बरोबर आहेत. दरवाजा उघडा असल्याचा खोटा समज बीसीएमच्या आतच तयार होतो आणि त्यामुळे ते झोपत नाही, आतला दिवा जळत राहतो, मधूनच लॉक चालते. आता निदान पुरे झाले असे म्हणता येते.

28 जून 2025, शनिवार

पेटीच्या चार कड्या सोडवून आतली सर्किटची पाटी बाहेर काढली. कनेक्टरच्या आसपास बोटभर रुंदीच्या पट्ट्यात तांब्याच्या रेषा काळ्या पडल्या आहेत, काही ठिकाणी त्या पूर्ण खाल्ल्या गेल्या आहेत. ही झीज साध्या गंजापेक्षा वेगाने होते, कारण बीसीएमच्या काही पिनांवर चावी बंद असतानाही सतत 12 व्होल्ट असतात आणि शेजारीच अर्थच्या पिना असतात. दोघांमध्ये ओलावा आणि थोडासा क्षार आला की धन पिनेवरचे तांबे विरघळून ऋण पिनेकडे सरकते आणि त्याच्या केसासारख्या बारीक फांद्या वाढतात. बीसीएमला जागे ठेवणारे खोटे इशारे आणि आपली 0.43 अँपिअरची गळती यांचे मूळ त्या फांद्यांत आहे. म्हणून गाडीत पाणी शिरल्याचा संशय आला तर पंखे, कापड, हेअर ड्रायर शोधण्याआधी बॅटरीची ऋण केबल सोडवावी, हे येथे आवर्जून लिहून ठेवतो. वीज नसेल तर पाणी या गतीने पाटी खात नाही.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पाटी धुतली आणि भिंगाखाली पाहिली. पृष्ठभागावरच्या तुटलेल्या रेषा बारीक तारेने जोडता येतील. परंतु पाटीच्या दोन बाजूंना जोडणाऱ्या सूक्ष्म छिद्रांच्या आतला मुलामा जेथे गेला आहे तेथे काय शिल्लक आहे ते वरून दिसत नाही. आज जोडलेले छिद्र पुढच्या पावसाळ्यात उघडेल, आणि ते घाटात रात्री वायपर थांबवून उघडेल. ज्या पेटीवर वायपर, इंडिकेटर आणि इमोबिलायझर अवलंबून आहेत ती अशी दुरुस्त करून वापरणे मला पटले नाही. अनेक कुशल कारागीर अशा पाट्या दुरुस्त करतात आणि जेथे नवा भाग मिळतच नाही तेथे तोच मार्ग आहे. येथे नवा भाग अजून मिळतो.

2 जुलै 2025, बुधवार

नवे घ्यावे की जुन्या बाजारातले, हा प्रश्न आज सुटला. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात अशी मॉड्यूल मिळतात आणि किंमत नव्याच्या जवळजवळ एक तृतीयांश असते. माझ्या विरोधाची कारणे तीन आहेत. पहिले, भागाच्या क्रमांकातली शेवटची अक्षरे जुळली नाहीत तर मागचा वायपर किंवा फॉग लॅम्प यांचे आउटपुटच पाटीवर नसते, बाहेरून पेटी हुबेहूब दिसत असली तरी. दुसरे, त्या पेटीच्या स्मृतीत दुसऱ्या गाडीचा क्रमांक आणि दुसऱ्या चाव्या असतात. काही गाड्यांत ती माहिती एकदा लिहिली की पुन्हा लिहिता येत नाही आणि मग आठ पायांची मेमरी चिप काढून तिची नक्कल करण्यापर्यंत मजल जाते. तिसरे आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे कारण हे की ती पेटी ज्या गाडीतून निघाली ती गाडी भंगारात का गेली हे कोणी सांगत नाही, आणि पाणी पिऊन सुकलेले मॉड्यूल बाहेरून धडधाकट दिसते.

नवे मॉड्यूल आज मागवले. मागवताना पेटीवरच्या चिठ्ठीवरील पूर्ण क्रमांक आणि चासी क्रमांक दोन्ही दिले. नव्या मॉड्यूलची इंजिनाशी ओळख करून देताना लागणाऱ्या सुरक्षा संकेतासाठी नोंदणी प्रमाणपत्र आणि मालकाच्या ओळखपत्राची प्रत द्यावी लागली. इमोबिलायझरचा भाग कोणालाही सहज मिळू नये हे योग्यच आहे.

5 आणि 6 जुलै 2025

काका परवा म्हणाले होते, “दादा, नवीन मॉड्यूल बसवाल हो, पण पाणी कुठून येतंय ते आधी बघा, नाहीतर पुढच्या जूनमध्ये मला परत बोलवाल.” भाग येईपर्यंत तेच काम हाती घेतले आणि या संपूर्ण प्रकल्पात सर्वांत अधिक वेळ त्यालाच दिला.

काचेच्या खालची प्लॅस्टिकची जाळी काढण्यासाठी वायपरचे हात काढावे लागतात. त्यांची जागा काचेवर चिकटपट्टीने आखून घेतली आणि नट सैल केल्यावर हात पुलरने ओढून काढले. दात असलेल्या दांड्यावर ते घट्ट बसलेले असतात आणि हातोडीने ठोकल्यास खालची जोडणी वाकते. जाळीखालच्या पन्हळीत आंब्याची पाने, मोहोराचा चिकट चुरा आणि माती यांचे खत तयार झाले होते. गाडी जानेवारीपासून आंब्याखाली उभी असते. पन्हळीत पडलेले पाणी दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकाच्या बाजूला खाली उतरते. उजव्या भोकाला बदकाच्या चोचीसारखी उघडझाप करणारी रबरी नळी आहे. ती आतून पूर्ण भरली होती.

पन्हळ तुंबली म्हणजे पाणी साचते, पण साचलेले पाणी गाडीच्या आत यायला आणखी एक वाट लागते. ती शोधण्यासाठी आतल्या बाजूने फायरवॉलवर (इंजिन आणि आतली बाजू यांच्यामधल्या पत्र्यावर), वायरच्या जुडग्यावर आणि काचेशेजारच्या खांबाच्या कडेने टाल्कम पावडर उडवली. मग बाहेरून पाणी सोडताना सर्वांत खालच्या पातळीपासून सुरुवात करून हळूहळू वर गेलो, प्रत्येक पातळीवर काही मिनिटे थांबून. वरून सुरुवात केली असती तर पाणी सगळीकडून ओघळले असते आणि कोणती फट गळते ते समजले नसते. पाइपचा झोतही मुद्दाम मंद ठेवला, कारण दाबाच्या पाण्याने चांगली रबरेसुद्धा गळतात आणि पावसात तसा दाब नसतो.

उजव्या बाजूचे पाणी पन्हळीच्या काठाशी पोहोचताच पावडरीवर दोन रेघा उमटल्या. एक रेघ कोपऱ्यातल्या दोन पत्र्यांच्या सांध्यातून आली, जेथे कारखान्यात भरलेले सीलंट तडकले आहे. ती बारीक होती. दुसरी ठळक होती. काही वर्षांपूर्वी फॉग लॅम्प बसवताना त्यांची वायर मुख्य जुडग्याच्या रबरी ग्रोमेटला (पत्र्याच्या छिद्रात वायरभोवती बसणाऱ्या रबरी कड्याला) चीर पाडून आत घेतली गेली होती. ती चीर उघडी राहिली, आणि वायर ग्रोमेटपासून उतरत थेट बीसीएमच्या वरच्या कनेक्टरवर टेकली. पाणी त्या वायरचा हात धरून खाली येत होते. पेटीच्या वर सापडलेला ओघळ आणि ही वायर यांची जागा तंतोतंत जुळते.

12 जुलै 2025, शनिवार

फॉग लॅम्पची वायर पूर्ण काढली आणि बॅटरीजवळ स्वतंत्र रिले व फ्यूज देऊन इंजिनाच्या बाजूलाच ठेवली. आत आता केवळ स्विचची एक पातळ वायर येते, तीही वेगळ्या छिद्रातून, नव्या ग्रोमेटमधून. मुख्य जुडग्याचे ग्रोमेट बदलले.

पत्र्याच्या सांध्यातले तडकलेले सीलंट खरवडले. खाली गंज होता, तो घासून, गंजरोधक आणि प्रायमर लावून पॉलियुरेथेन सीलंट भरले. जुलैत कोकणात हे काम कसे करावे अशी शंका येते, परंतु हे सीलंट हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होते, त्यामुळे दमट हवेची त्याला अडचण नाही. पत्रा मात्र कोरडा ठणठणीत लागतो, म्हणून शेडमध्ये हॉट एअर गनने तो बराच वेळ तापवला. व्हिनेगरसारखा वास येणारे साधे सिलिकॉन येथे वापरू नये. सुकताना त्यातून सुटणारे अ‍ॅसेटिक आम्ल उघड्या पत्र्याला आणि जवळच्या तांब्याला खाते.

20 जुलै 2025, रविवार

गाडीच्या बाजूच्या कनेक्टरमधल्या पिना पाहिल्या. नव्या मॉड्यूलवर जुन्या खराब पिना लावणे म्हणजे रोग तसाच ठेवणे. ज्या पिनांची पकड सैल झाली होती किंवा वायरच्या आत काळेपणा चढला होता त्या कापून नव्या दाबून बसवल्या. वायर थोडी मागे सोलून तांबे लालसर दिसेपर्यंत कापावी लागते, कारण पाणी वायरच्या धाग्यांतून आत शोषले जाते. प्रत्येक जोड वेगवेगळ्या अंतरावर ठेवला, म्हणजे जुडगा एका जागी जाड होत नाही.

जुडग्याची मांडणीही बदलली. पूर्वी तो वरून सरळ कनेक्टरमध्ये उतरत होता. आता तो कनेक्टरच्या खालपर्यंत नेऊन मग वर वळवला आहे. पुढेमागे पाणी आलेच तर ते त्या वळणाच्या तळाशी ठिबकून कार्पेटवर पडेल. कार्पेट ओले झालेले लगेच कळते, बीसीएम ओले झालेले कळत नाही.

1 ऑगस्ट 2025, शुक्रवार

भाग आला. चिठ्ठीवरचा क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळतो. दोन्ही पेट्या शेजारी ठेवून कनेक्टरांच्या खाचांमध्ये कोणत्या पिना भरलेल्या आहेत आणि कोणत्या रिकाम्या आहेत ते पडताळले, तेही जुळते.

2 ऑगस्ट 2025, शनिवार

मॉड्यूल बसवले. पिनांभोवती डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर दिला. हे ग्रीस वीजवाहक नसते, ओलावा बाहेर ठेवते, आणि खाच भरून टाकण्याएवढे लावायचे नसते. पेटीचे सगळे सांधे सिलिकॉनने बंद करण्याचा सल्ला मिळाला होता, तो मी घेतला नाही. पेटीच्या तळाची छिद्रे हवा खेळण्यासाठी आणि दव बाहेर पडण्यासाठी असतात. ती बंद केली तर आत गेलेला ओलावा आतच राहतो. वरच्या बाजूला मात्र प्लॅस्टिकच्या पत्र्याचे उतरते छत बसवले आहे, तळ आणि बाजू मोकळ्या ठेवून.

4 ऑगस्ट 2025, सोमवार

कोऱ्या मॉड्यूलला इंजिनाचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ओळखत नाही, त्यामुळे गाडी सुरू होत नाही आणि प्रोग्रॅमिंगसाठी ती ओढून न्यावी लागते किंवा तंत्रज्ञाला बोलवावे लागते. वर्कशॉपचे तंत्रज्ञ लॅपटॉप घेऊन घरी आले. सुरुवात करण्यापूर्वी बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा चार्जर लावून 13.5 व्होल्ट राखले. लिहिण्याच्या मध्येच व्होल्टेज घसरले तर नवे मॉड्यूल अर्धवट अवस्थेत अडकते.

आधी चासी क्रमांक लिहिला गेला, मग गाडीत काय काय बसवलेले आहे त्याची मांडणी, आणि त्यानंतर सुरक्षा संकेत देऊन ईसीयूशी ओळख. चाव्या शेवटी. घरातल्या सगळ्या चाव्या त्या वेळी हाताशी लागतात, कारण या गाडीत चाव्या नव्याने शिकवताना आधीची यादी पुसली जाते आणि जी चावी त्या बैठकीत हजर नसते ती नंतर इंजिन सुरू करत नाही. चावीच्या डोक्यातली चिप 125 किलोहर्ट्झवर इग्निशनभोवतीच्या वेटोळ्याशी बोलते आणि तिला स्वतःची बॅटरी लागत नाही. लॉकचा रिमोट 433.92 मेगाहर्ट्झवर चालतो आणि तो वेगळा शिकवावा लागतो. दोन्ही झाले. इंजिन सुरू झाले आणि सुरूच राहिले. इमोबिलायझर जुळला नसेल तर या गाडीत इंजिन क्षणभर चालून बंद पडते, म्हणून काही मिनिटे ते चालू ठेवले.

तंत्रज्ञ जाण्यापूर्वी मी तयार केलेल्या यादीप्रमाणे एकेक काम तपासले. मागचा वायपर चालला नाही. मोटरपर्यंत वीज येतच नव्हती. मांडणी पुन्हा वाचल्यावर मागच्या वायपरची नोंद ‘नाही’ अशी निघाली, कारण या गाडीच्या सर्वांत साध्या (बेस) आवृत्तीची मांडणी उचलली गेली होती. नोंद बदलल्यावर तो चालला. अशी यादी हातात नसती तर हे पावसातच समजले असते.

10 ऑगस्ट 2025, रविवार

झोपेतला प्रवाह पुन्हा पहिल्या दिवशीच्या पद्धतीनेच मोजला. आकडा टप्प्याटप्प्याने उतरत गेला आणि शेवटी 0.028 अँपिअरवर स्थिरावला. उसळी नाही. उजव्या आणि डाव्या इंडिकेटरचा वेग सारखा आहे. वायपर चावी बंद केल्यावर आपल्या जागी जाऊन थांबतो. स्कॅनरवर एकही संकेत परत आलेला नाही.

20 ऑगस्ट 2025, बुधवार

गेले काही दिवस सलग मुसळधार पाऊस झाला आणि गाडी मुद्दाम उघड्यावर ठेवली होती. आज डॅशबोर्डखालचे आवरण काढून पाहिले. बीसीएमवरच्या प्लॅस्टिकच्या छतावर, जुडग्याच्या वळणावर आणि ग्रोमेटच्या आतल्या कडेला उडवलेली पावडर जशीच्या तशी आहे. कार्पेट कोरडे आहे. पन्हळीतून दोन्ही बाजूंचे पाणी सारख्याच धारेने खाली पडते.

गणपती 27 तारखेला आहेत आणि त्याआधी गाडी कुंभार्ली घाटातून कराडला जाऊन येईल. पुढची दोन कामे नोंदवून ठेवतो: मोहोर गळून गेल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीस, जाळी काढून पन्हळ साफ करणे, आणि नोंदणीच्या तपासणीआधी इंडिकेटर, वायपर व हॉर्न यांची हीच यादी पुन्हा तपासणे. जुनी पाटी काकांना दिली आहे. तिच्यावरचे रिले चांगले आहेत आणि ते त्यांच्या उपयोगी पडतील.